ताईंच्या गाडीचा नवा गिअर

आमच्या लॅबमध्ये घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेणाऱ्या तिघीजणी होत्या, पण पेशंट फोन करून मागायचे एकीलाच. "त्या ताईंना पाठवा हो, टोचलेलं कळतसुद्धा नाही." मी तेव्हा तिथं रिपोर्ट टाईप करायचे, त्यामुळे हे फोन माझ्याच टेबलावर यायचे. बाकीच्या दोघी नाक मुरडायच्या, पण त्याही मनातून मानत होत्या. ज्यांची शीर सापडता सापडत नाही अशा म्हाताऱ्यांच्या हातावरही ताई डावा अंगठा ठेवून कातडी किंचित खाली ओढायच्या, क्षणभर थांबायच्या, आणि उजव्या हातातली सुई पहिल्याच फटक्यात आत. माणसाचं बोलणं मध्येच तुटायचंही नाही.

ताईंचा नवरा तीस वर्षं एका कंपनीत मोठ्या साहेबांचा ड्रायव्हर होता. निवृत्त झाल्यावर तो ताईंना स्कूटरवर बसवून पेशंटकडे सोडायचा. पेशंट पहाटेपासून उपाशी बसलेले असायचे, आणि हा तयार व्हायलाच अर्धा तास लावायचा. कधी रस्त्यात ओळखीचा भेटला की स्कूटर बाजूला लावून गप्पा मारायचा. ताई हातात नमुन्यांचा डबा धरून उभ्या. काही बोलल्या तर म्हणायचा, "घाई असेल तर चालत जा."

सत्तेचाळिसाव्या वर्षी ताईंनी घरात कुणाला न सांगता गाडी शिकून घेतली. लायसन मिळालं, एक जुनी लाल गाडी घेतली आणि चावी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवली. नवरा पेपर वाचत होता.

"ही कुणाची?"

"माझी."

"आणि चालवणार कोण?"

"मीच."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. ताईंनीच पाणी आणून दिलं.

ताई गाडी बरी चालवायच्या. वेगात नाही, पण बेताबेतानं. लांबच्या वसाहतीतले पेशंटसुद्धा आता त्यांच्याकडेच आले. वर्षभरानं एका पेशंटच्या घरच्या ओल्या जिन्यावरून त्या घसरल्या आणि डावं मनगट मोडलं. आत धातूची पट्टी आणि सहा स्क्रू बसले. पाच महिने नवऱ्यानं त्यांना त्यांच्याच गाडीतून सगळीकडे नेलं. त्या पाच महिन्यांत तो फार खूश होता, असं ताईंनी मला नंतर सांगितलं. शीळ घालायचा. गाडी रोज धुवायचा. हात जोडला गेल्यावर ताईंनी किल्ली परत मागितली, तेव्हा त्यानं ती दिली, पण हातात दिली नाही. बुटांच्या कपाटावर ठेवली आणि आत निघून गेला.

महिन्याभरानं तो एक खोकं घेऊन आला. "तुझ्यासाठी," म्हणाला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, आणि त्यानं आपणहून आणलेली ही दुसरी वस्तू. पहिली कुठली ते ताईंना आठवत नव्हतं.

खोक्यात होता शॉर्ट शिफ्टर, म्हणजे गाडीच्या मूळ गिअरच्या जागी बसवायचा आखूड दांडा. "साहेबांच्या मुलानं बसवला होता," तो म्हणाला. "नुसतं मनगट हललं की गिअर पडतो. तुझा हात दुखतो ना? आता लांबवर न्यायलाच नको."

रविवारी सकाळी त्यानं अंगणात चादर अंथरली आणि स्वतः कामाला लागला. ताईंना हाताखाली घेतलं. त्याला जे लागेल ते ताई देत होत्या. गिअरची मूठ फिरवून काढली, तिच्याखालचं चामड्याचं आवरण उलटं केलं, दोन सीटच्या मधला प्लास्टिकचा खण सोडवला. निघालेले स्क्रू ताई एका डब्याच्या झाकणात ओळीनं लावत होत्या, आधी निघाला तो आधी, म्हणजे परत बसवताना गडबड नको. मग टॉर्च धरून त्या पुढच्या सीटवर वाकल्या. नवऱ्यानं पेचकसानं दोन्ही केबलींची टोकं उचकटली, चार बोल्ट काढले आणि जुना दांडा बैठकीसकट वर घेतला.

"टॉर्च नीट धर. हलवू नकोस."

नवा दांडा वर आखूड होता, आणि त्याची खालची बाजू जुन्यापेक्षा लांब. त्यानं सांध्याला ग्रीस लावलं, एक स्प्रिंग चिमट्यानं ताणून आत बसवली. ती बसवताना त्याच्या कपाळावर शीर उभी राहिली. बोल्ट आवळून झाले, केबली टकटक करत जागेवर बसल्या. मध्येच मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ताईंनी फोन गाडीच्या दारातून आत धरला.

"बाबा, आईसाठी करताय? किती गोड हो तुम्ही!"

"करावं लागतं, बाळा," तो म्हणाला.

मग तो स्वतः एक फेरी मारून आला. टक, टक, टक, गिअर पडत होते. ताई बसल्या. पहिला पुढे ढकलला, तो गेला. दुसऱ्यासाठी मागे ओढला, तर दांडा हलेना. जोर लावला तेव्हा गेला, आणि मनगटात कळ आली.

"जड आहे हो."

"नवीन आहे. सवय होईल."

सवय झाली नाही. गावातल्या गर्दीत पहिला, दुसरा, पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा, असं सकाळभरात दोनशे वेळा तरी व्हायचं. दोन आठवड्यांत ताईंचं मनगट सुजलं. लॅबमध्ये आल्या की त्या हात बर्फाच्या पिशवीत घालून बसायच्या. एकदा मला म्हणाल्या, "अगं, तो नवा गिअर माझ्या हाताला सोसत नाही."

मी हसले. आजही ते आठवलं की मला माझीच लाज वाटते. मी म्हटलं, "ताई, माझा नवरा घरातला बल्बसुद्धा बदलत नाही. तुमच्यासाठी तो रविवारभर गाडीखाली झोपला, आणि तुम्ही रडताय?" बाकीच्या दोघी खो खो हसल्या. ताईंनी पुन्हा कधी ब्र काढला नाही.

घरी मात्र त्यांनी एकदा विचारलं, "जुनाच बसवून द्याल का?"

"जुना भंगारात दिला. तुझ्या मनगटातच दम नाही, त्याला गाडी काय करणार? राहू दे, उद्यापासून मी सोडतो."

"नको," ताई म्हणाल्या.

त्यानंतर एका आजीबाईंची भानगड झाली. नव्वदीच्या बाई, हाताची नुसती काडी. ताईंचा डावा अंगठा सुजेनं जड झालेला, कातडी धरता येईना. पहिली सुई हुकली. दुसरीही हुकली. तिसऱ्या वेळी शीर फुटली आणि बाईंचा हात कोपरापर्यंत काळानिळा झाला. त्यांच्या मुलानं लॅबमध्ये येऊन सगळ्यांसमोर ताईंचा पाणउतारा केला. "खाटकाकडे जायला हवं होतं, निदान तो एका घावात करतो!" आमचे डॉक्टर मान खाली घालून ऐकत होते. तो गेल्यावर त्यांनी ताईंचे लांबचे सगळे पेशंट बाकीच्या दोघींतल्या एकीला देऊन टाकले. ती यादी मीच टाईप केली.

पुढच्याच मंगळवारी सकाळी ताई चौकातून निघत होत्या. दुसरा गिअर ओढला आणि मनगटात काहीतरी तुटलं. दुखलं असं नाही. "शिवताना दोरा तटकन तुटतो ना, तसं," त्या म्हणाल्या. गाडी बाजूला घेतली. हात समोर धरून पाहिला तर डावा अंगठा खाली पडलेला. त्या त्याला वर यायला सांगत होत्या आणि तो ऐकतच नव्हता.

हाडांच्या डॉक्टरांनी समजावलं. पट्टीच्या एका स्क्रूचं टोक हाडाच्या पलीकडे किंचित वर आलेलं होतं. अंगठा उचलणारी स्नायूची दोरी त्याच्यावर रोज घासत होती, जोर लागला की जास्तच. ती घासून घासून तुटली. ऑपरेशन झालं, शेजारच्या बोटाची दोरी अंगठ्याला जोडली. अंगठा उचलता यायला लागला, पण पहिल्यासारखी जाण काही त्यात परत आली नाही.

नवऱ्यानं तेव्हा केलेली सेवा अख्ख्या इमारतीनं पाहिली. ताईंचे केस विंचरून द्यायचा. भाजी चिरायचा. दवाखान्यात न्यायचा, दार उघडून धरायचा. शेजारणी म्हणायच्या, "नशीब काढलंत हो."

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात ताई लॅबमध्ये सगळ्यांना भेटायला आल्या होत्या. तेवढ्यात साखर तपासायला गॅरेजचे मिस्त्री आले. ताईंची गाडी नेहमी त्यांच्याकडेच जायची. ताईंचा हात पाहून ते उभेच राहिले.

"हे त्या गिअरमुळं तर नाही ना, ताई?"

"का हो?"

"मी तुमच्या मिस्टरांना तीनदा सांगितलं होतं. दांडा आखूड केला की हात कमी फिरतो, पण जोर दुपटीनं लागतो. तुमच्या हातात पट्टी आहे हे मला ठाऊक होतं. म्हटलं, गाडी बाई चालवतात, हे नको. तर हसले, आणि म्हणाले, 'बाई चालवतात म्हणूनच.' मला वाटलं, थट्टा करताहेत." ते जरा थांबले. "वर सर्वांत कडक स्प्रिंग मागून घेतली."

मी की-बोर्डवर हात ठेवून बसले होते. मिस्त्रींनी बाही वर केली आणि बाकीच्या दोघींतल्या एकीनं त्यांचं रक्त काढलं.

घरी गेल्यावर ताईंनी नवऱ्याला सरळ विचारलं. तो आरशासमोर दाढी करत होता. गालावरचा साबण त्यानं आधी पुसून घेतला.

"हो, मागून घेतली," तो म्हणाला. "तीस वर्षं मी दुसऱ्याच्या गाडीचं दार उघडत आलो. म्हटलं, निवृत्त झालो की घरच्या गाडीत तरी मी पुढे बसेन. तर तू."

"माझा हात गेला."

"हात जावा असं कुठं म्हटलं मी? तू कंटाळून सोडून द्यावंस, एवढंच वाटत होतं. तूच हट्टी. पहिल्याच आठवड्यात सोडलं असतंस तर काही झालं नसतं."

आणि त्यानं दुसऱ्या गालाची दाढी पूर्ण केली.

इथवर झालं ते झालं, असं मला वाटत होतं. पण पुढच्या महिन्यात आमच्या डॉक्टरांनी मला एक नेमणुकीचं पत्र टाईप करायला सांगितलं. ताईंच्या जागी नवी मुलगी घेतली होती, तिला गाडी येत नव्हती. ताईंचा नवरा स्वतः येऊन म्हणाला होता, गाडी आमची, मी चालवतो, सगळे रस्ते पाठ आहेत. डॉक्टरांना तेच हवं होतं. मी पत्र टाईप केलं. नको म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण म्हटलं नाही.

रोज सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून लाल गाडीतून यायचा. नव्या मुलीसाठी दार उघडायचा. ताईंचेच पेशंट, ताईंचाच रस्ता. गिअर दोन बोटांनी टाकायचा आणि तिला दाखवायचा, "बघ, कसा लोण्यासारखा पडतो." पेशंट विचारायचे, ताई कशा आहेत? तो म्हणायचा, "आता आराम करू दे तिला. फार केलं तिनं."

ताई चार महिने घरी बसल्या. एक दिवस त्यांचा मला फोन आला. "गाडी कुणाच्या नावावर आहे, ते कागदावर कुठं बघायचं ग?" मी सांगितलं. "माझ्याच आहे," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

शनिवारी नवरा आंघोळीला गेला असताना मिस्त्री आले. ताईंनी सगळ्या कागदांवर आधीच सही करून ठेवली होती. गाडी विकायची एकच अट होती. ती कुणालाही चालवायला द्यायची नाही, भाग सुटे करून विकायची. मिस्त्री म्हणाले, "चांगली गाडी आहे, ताई. मी जुना गिअर बसवून देतो, तुम्ही हळूहळू..."

"कशानं ओढू?" ताईंनी हात पुढे केला. मिस्त्रींनी किल्ली घेतली.

नवरा तयार होऊन खाली गेला आणि धावत वर आला. गाडी चोरीला गेली, म्हणाला. ताईंनी विकली म्हटल्यावर त्याला आधी कळेचना. मग तो खुर्चीत बसला आणि लहान मुलासारखा रडला. नाक वाहत होतं, शर्टानं पुसत होता. "डॉक्टरांना मी काय सांगू? मला काय काम आहे आता? मी काय करू ग दिवसभर?"

ताई समोर उभ्या राहून बघत होत्या. मला म्हणाल्या, "मला वाटलं होतं, बरं वाटेल. थोडं वाटलंही." मग त्यांनी त्याला विचारलं, "चहा टाकू?"

डॉक्टरांना गाडीवाला ड्रायव्हर हवा होता, बिनगाडीचा नको. त्यांनी आठवड्यात दुसरा शोधला.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. दोघं एकाच खोलीत होती. तो टीव्ही बघत होता, आवाज बंद करून. ताई खिडकीशी बसून डाव्या हातानं शर्टाची बटणं लावायचा सराव करत होत्या. मांडीवर जुना शर्ट, एक बटण लावायचं, एक काढायचं. मी निघाले तेव्हा त्यानं मला विचारलं, "कुठं राहता हो तुम्ही आता? लांब आहे का? कशानं जाता?"

"रिक्षानं," मी म्हटलं.

"हं," तो म्हणाला, आणि पुन्हा टीव्हीकडे वळला. ताईंनी मान वर केली नाही.