एका हाताचे एकेचाळीस अभिप्राय

न्यायशास्त्राने जे सोळा पदार्थ सांगितले, त्यांत संशयाला तिसरे स्थान आहे आणि निर्णयाला नववे. मधल्या पाच पायऱ्या न चढता जो थेट निर्णयावर उडी घेतो, तो संधिप्रकाशातल्या झाडाच्या खोडाला माणूस समजून नमस्कार तरी करतो, नाहीतर माणसाला खोड समजून कुऱ्हाड तरी उचलतो. भिंगकाका या पायऱ्या कोणत्याही पाठशाळेत शिकले नव्हते. परंतु परीक्षा मंडळाच्या तपासणी-कक्षात चौतीस वर्षे बसून त्यांनी त्या झिजवल्या होत्या. म्हणूनच त्यांच्या हातून घडलेल्या एका उडीची हकिकत सांगण्याजोगी आहे.

त्यांचे काम तोतये शोधण्याचे. एकाच्या नावावर दुसऱ्याने उत्तरपत्रिका लिहिल्याची शंका आली, की ती पत्रिका आणि त्या परीक्षार्थीचे आवेदनपत्र अशी जोडी त्यांच्या टेबलावर येई. उत्तरेची खिडकी, टेबलावर हिरवे कापड, कापडावर एक भिंग आणि दोन काचेची वजने. याखेरीज त्या खोलीत काही नसे. अक्षराचे वळण, ओळीचा चढ-उतार, वाक्य संपवताना लेखणी टेकवण्याची लकब, यांतून ते माणूस ओळखीत. मात्र त्यांचा एक नेम होता. समोर बसवून ऐकून घेतल्यावाचून त्यांनी कुणाची पत्रिका रद्द केली नाही. वरिष्ठ चिडत, फायली साचत. पण सुनावणी चुकली नाही.

घरात या विद्येचा जाच होता. काकू आल्यागेल्याला सांगत, "लग्नाआधी मी ह्यांना एक पत्र पाठवलं होतं. ह्या गृहस्थांनी ते माझ्या बहिणीच्या अक्षराशी ताडून पाहिलं!"

"आणि ते बहिणीनंच लिहिलेलं निघालं," वर्तमानपत्रातून मान वर न करता काका पुस्ती जोडीत.

धाकट्या भावाची मुलगी नवव्या वर्षापासून या दोघांकडेच वाढली. अकराव्या वर्षी तिने शाळेच्या प्रगतिपुस्तकावर काकांची सही हुबेहूब ठोकली. काकांनी ती पाहिली, भिंग लावले आणि म्हणाले, "शेवटची रेघ चांगली जमली आहे. पण मी घाबरत सही करत नाही." शिक्षा झाली नाही. तो प्रसंग घरात थट्टेचा विषय झाला. काकांच्या मनाच्या तळाशी मात्र त्याची एक नोंद राहिली, आणि तपासनीसाच्या नोंदी पुसल्या जात नाहीत.

ही पुतणी मोठी झाली आणि तिने तीन मित्रांसह संगणकावरचा एक कथाप्रधान खेळ रचला. एका छापखान्याच्या माडीवरच्या दोन खोल्यांत चार वर्षे खपून तयार झालेल्या या खेळाचे नाव ‘शेवटचा उतारू’. खेळणारा एका नावाडणीच्या भूमिकेत शिरतो. तिला सात उतारूंना मंतरलेल्या नदीपार न्यायचे असते. सातांपैकी एक नदीतले पिशाच माणसाच्या रूपात बसले आहे, अशी वदंता. प्रत्येकाशी बोलायचे, त्याची कहाणी ऐकायची, आणि वाटेत कुणाला काठावर उतरवायचे ते ठरवायचे. प्रत्येक शब्द वाचून दाखवणारा एक निवेदकाचा आवाज या खेळाला होता; चित्रे साधी असल्याने आवाजाने भर घालावी, एवढाच त्यामागे हेतू.

खेळ ज्या ऑनलाइन दुकानातून विकला जाई, तिथे खेळणाऱ्यांनी सहाशेवर अभिप्राय लिहिले होते. एका शुक्रवारी दुकानाकडून पत्र आले: एकेचाळीस अभिप्राय एकाच संगणकावरून आले असून ते बनावट असल्याचा संशय आहे, मान्य असेल तर काढून टाका, नसेल तर आठ दिवसांत पुरावा द्या, पुरावा पटला नाही तर खेळ दुकानातून हटवला जाईल.

पुतणी ते सगळे छापून काकांकडे आली. "एक संगणक म्हणजे एक माणूस असं थोडंच आहे, काका? वसतिगृह असेल, वाचनालय असेल. तुम्ही वाचा. हे एकाचंच लिखाण आहे की एकेचाळीस जणांचं, एवढंच सांगा."

काकांनी आधी तो खेळ एकदा सुरू करून पाहिला, मग कागदांकडे वळले. छापील मजकुराला हस्ताक्षर नसते. परंतु लकब असते. दुसऱ्या दिवशीच त्यांना ती सापडली. प्रत्येक अभिप्राय मंगळवारी किंवा शुक्रवारी, चार ते साडेपाचच्या दरम्यान, एकामागोमाग एक लिहिलेला. प्रत्येकाचा शेवट एकच. एकाने लिहिले होते: "म्हाताऱ्या उतारूला काठावर सोडलं. ती पायऱ्या चढून परत जाताना पावलं ऐकली आणि मी खेळ बंद केला. दोन दिवस उघडला नाही. इतकेच सांगायचे होते." दुसऱ्याने: "सात जणांना एवढं बोलतं केलं आणि शेवटी नदीनं एका वाक्यात निकाल दिला. घाई केलीत. इतकेच सांगायचे होते." तिसऱ्याने या दुसऱ्याला झोडपले होते: "ज्याला शेवट घाईचा वाटला, त्यानं वैदूची कहाणी मधेच तोडली असणार. पुन्हा खेळा म्हणावं. इतकेच सांगायचे होते."

स्तुतीबरोबर निंदा होती, भांडणही होते. काका मनाशी हसले. कसलेला तोतया दोन उत्तरे मुद्दाम चुकवतो, हे त्यांना ठाऊक होते.

पण खरा धागा निराळाच होता. उरलेल्या सहाशे लोकांनी नदीच्या हिरव्या रंगाविषयी, नावाडणीच्या चेहऱ्याविषयी, फिक्या चित्रांविषयी भरभरून लिहिले होते. या एकेचाळिसांत एकही रंग नव्हता. एकही चेहरा नव्हता. वल्ह्याचा आवाज, पावले, उतारूंचे खोकणे, बस्स.

रविवारी पुतणी आली तेव्हा काकांनी कागदांची चळत तिच्यापुढे सरकवली. "एकच हात आहे. आणि सांगू? हे ज्यानं लिहिलं, त्यानं खेळ पाहिलेलाच नाही. नुसता ऐकलेला आहे. निवेदनाची संहिता ज्याच्याकडे आहे, त्याचं हे काम."

"संहिता तर फक्त आमच्या चौघांकडे आहे."

"हो."

ती वरचा कागद उचलून म्हणाली, "काका, हा पावलं ऐकून खेळ बंद करणारा माणूस. ह्याचं मी चार वेळा वाचलंय. हा खोटा असेल असं नाही हो वाटत मला."

अपराधी माणूस आपल्याच लेखनाची अशी हळवी बाजू घेतो, असे काकांनी चौतीस वर्षांत अनेकदा पाहिले होते. त्यांच्या तोंडून प्रश्न निसटला. "तू लिहिलेस?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"प्रगतिपुस्तक अजून बंद केलं नाहीत ना तुम्ही?" पुतणी उठली. "ठीक आहे. एकेचाळीसच्या एकेचाळीस काढून टाकते. म्हणजे गुन्हा कबूल. उद्या लोक म्हणतील, हिनंच लिहिले होते. आणि घरचा तज्ज्ञ माणूसही तेच म्हणाला होता."

ती गेल्यावर काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "अहो, एक विचारू? मंडळात तुम्ही पोराटोरांनाही बोलावून ऐकून घ्यायचात. हिला खुर्ची तरी दिलीत का बसायला?"

काकांचा संशय तर कायम होता. पण नेम मोडला होता. त्यांनी तत्काळ पुतणीला फोन करून एवढेच सांगितले, "शुक्रवारपर्यंत काही काढू नकोस. सुनावणी व्हायची आहे." तिने फोन ठेवला.

मग त्यांनी त्या म्हाताऱ्या उतारूच्या अभिप्रायाखाली एक प्रश्न लिहिला: ‘नावेच्या टोकाला काय टांगले आहे?’ तिथे एक कंदील होता. खेळ उघडताच पहिल्या चित्रात तो दिसे. ज्याने खेळ एकदा जरी पाहिला, त्याला तो चुकणे शक्य नव्हते. सापळा चोख होता.

सोमवारी उत्तर आले. "काहीतरी टांगलेलं आहे खरं. वारा सुटला की कुरकुरतं. काय ते कथेत कुणी सांगत नाही. आमच्यात तीन मतं आहेत. मंगळवारी चार वाजता सार्वजनिक वाचनालयामागच्या खोलीत आम्ही असतो. तुम्हाला माहीत असेल तर येऊन सांगा. इतकेच सांगायचे होते."

तोतया कधी पत्ता देत नाही. काकांना हे खटकले. आणि पत्ता देण्याइतका निर्ढावलेला तोतया कोण, या विचाराने ते अधिकच सावध झाले. मंगळवारी चाराला पाच मिनिटे कमी असताना, खिशात भिंग ठेवून, ते त्या खोलीच्या दाराशी उभे होते.

खोलीत एक जुना संगणक. त्यापुढे पाठ ताठ ठेवून बसलेली, केस पांढरे झालेली एक बाई. भिंतीशी बाकावर सहा माणसे. भिंतीला टेकवलेल्या सहा पांढऱ्या काठ्या.

काका उंबऱ्यातच थबकले. तरी चौतीस वर्षांची सवय. अगदी जवळच्या माणसाच्या तोंडापुढे त्यांनी अलगद हात हलवून पाहिला.

"बाहीला खळ जास्त झालीय," तो माणूस म्हणाला. "सळसळते. बसा. नावेला काय टांगलंय विचारणारे तुम्हीच का?"

"हो, त्या कंदिलाचं मीच विचारलं होतं," काका म्हणाले.

"कंदील?" पलीकडची वृद्धा एकदम उसळली. "म्हणजे कंदील आहे? मी म्हणत होते ना! हा पियानोवाला घंटा घंटा करून बसला होता."

पहिला माणूस पियानोचे सूर लावणारा होता, ती वृद्धा कधीकाळची टेलिफोन ऑपरेटर. सगळ्यांचीच दृष्टी उतारवयात गेलेली. घरोघरी चार बाणांच्या कळा दाबून ते हा खेळ खेळत, कारण एक आवाज त्यांना अक्षरन् अक्षर वाचून दाखवी. आणि आठवड्यातून दोनदा आळीपाळीने इथे येऊन आपले मत सांगत. ते टंकून देणारी बाई निवृत्त टंकलेखिका होती.

"अठ्ठ्याऐंशी पट्ट्या मी डोळ्यांशिवाय जुळवतो," पियानोवाले म्हणाले, "पण ह्या कळफलकाचं नि माझं नाही जमत."

"आणि ते शेवटचं वाक्य?" काकांनी विचारले.

टंकलेखिका वळली. "ते माझं. आमचे साहेब मजकूर सांगताना थांबले, की विचार करताहेत की संपलं, कळायचं नाही. म्हणून खूण ठरवून घेतली होती. इथेही तीच ठेवली. ते वाक्य आलं की मी पुढच्याला बोलावते. तुमच्या प्रश्नाचं उत्तरही काल फोनवर ऐकून मीच तसं टंकलं."

"पण दिसत नाही, हे तुम्ही कुणीच कसं लिहिलं नाहीत?"

"त्यांनी खेळाबद्दल विचारलं होतं," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "डोळ्यांबद्दल नाही. ते लिहिलं असतं तर लोकांनी कीव करून वाचलं असतं. मला तर त्या शेवटावरून ह्यांच्याशी भांडायचं होतं." मग त्या पुढे झुकल्या. "बरं, ते राहू द्या. कंदील पेटलेला आहे की विझलेला?"

भिंगकाकांनी उत्तर देण्यासाठी तोंड उघडले आणि त्यांच्या ध्यानात आले, की आपल्याला सांगता येत नाही. ते चित्र त्यांनी सापळ्यासाठी पाहिले होते. कंदील आहे, एवढे टिपून ते पुढे गेले होते.

"पाहून सांगतो," ते हळूच म्हणाले.

"एवढं डोळे असून!" पियानोवाले म्हणाले, आणि बाक हसू लागला. काकाही हसले, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मंडळात हात मोडलेल्या किंवा अंध परीक्षार्थीला लेखनिक मिळे. उत्तर एकाचे, हात दुसऱ्याचा. आणि त्याचा दाखला तपासून त्यावर शिक्का मारणे हे याच काकांचे काम होते. शेकडो दाखले त्यांच्या हातांखालून गेले होते, आणि नेमका तोच विचार त्यांना सुचला नव्हता. माणूस शोधायला निघून ते हातापाशीच थांबले होते.

शुक्रवारपर्यंत त्यांनी उसंत घेतली नाही. मंडळाच्या जुन्या नमुन्याबरहुकूम लेखनिकाचे दाखले तयार केले. बाकावरच्या सहा जणांचे त्या मंगळवारीच तिथे झाले. बुधवारी-गुरुवारी जिने चढत-उतरत ते बाकीच्यांच्या घरी गेले. प्रत्येकाला त्याचा अभिप्राय वाचून दाखवायचा, ‘हे तुमचेच का?’ विचारायचे, आणि सही किंवा अंगठा घ्यायचा. दोघांनी तिथल्या तिथे मत बदलले, त्यांची दुरुस्ती दाखल्याच्याच पाठीमागे लिहून घेतली. संशय अजून पुरता निवाला नव्हता. एका गृहस्थांना त्यांनी वैदूची कहाणी उलटसुलट विचारून अर्धा तास बेजार केले. शुक्रवारी उरलेल्यांसाठी ते वाचनालयात गेले, तेव्हा आत शिरताच आधी म्हणाले, "पेटलेला आहे. काच एका बाजूनं तडकलेली." मग खिशातले दाखले काढले. संध्याकाळीच एकेचाळिसांची ती चळत त्यांनी पुतणीच्या माडीवर नेऊन दिली, आणि ती काही बोलण्याआधी जिना उतरले.

मंगळवारी दुकानाचे दोन ओळींचे उत्तर आले: अभिप्राय राहतील, खेळही राहील. त्याच संध्याकाळी पुतणी घरी आली. काकूंनी खुर्ची पुढे केली आणि ती बसली.

"दुकानाला पाठवताना मोजले," ती म्हणाली. "दाखले एकेचाळीस. कागद बेचाळीस."

काका खिडकीबाहेर पाहू लागले.

तिने बेचाळिसावा कागद उलगडला. नमुना मंडळाचाच, पण सुनावणीचा. परीक्षार्थीच्या रकान्यात ‘पुतणी’. आरोपाच्या रकान्यात ‘प्रगतिपुस्तक, व तदनंतर घेतलेला सर्व संशय’. निर्णयाच्या रकान्यात: ‘सुनावणीवाचून दिलेला निकाल रद्द. पहिले प्रकरण कालबाह्य. दुसरे निराधार. दोष तपासनीसाचा.’ खाली काकांची सही होती. शेवटची रेघ किंचित थरथरलेली.

पुतणीने तो कागद उजेडाकडे धरला, एक डोळा बारीक केला, आणि तपासणी-कक्षातल्या आवाजात विचारले, "पण काका, ही सही तुमचीच कशावरून? तुम्ही तर घाबरत सही करत नाही."

काकांनी खिशातले भिंग काढून तिच्या हातात दिले.