शालीचा फोटो काढून टाका

मामाचा शाल पांघरलेला फोटो स्टेटसला ठेवलाय ना, तो आधी काढा.

माझा मामा काल सकाळी गेला. मुदखेडला, अंघोळीचं पाणी काढता काढता. डॉक्टर म्हणाले, अटॅक.
मला अजून धड रडू आलेलं नाही. नुसता राग येऊन राहिलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते.

मामा रेल्वेत पॉइंट्समन होता. रिटायर झाल्यावर आमच्या गावच्या जत्रेत घोड्यांच्या शर्यतीला पंच म्हणून उभा राहायचा. शेवटच्या रेषेवर. कुठला घोडा आधी आला ते सांगायचं, एवढंच काम.

मला म्हणायचा, "घोड्याकडं बघायचं न्हाई माय. रेषेकडं बघायचं. घोडं तिथंच येतंय."

आमच्या वस्तीतला तो पहिला पंच. माझ्या आजोबांना त्याच मैदानात लांब, दोरीच्या पलीकडं उभं करायचे. हे लिहावंच लागतंय, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मग नियम आला. पंच व्हायचं तर कोर्स करा, परीक्षा द्या, कार्ड घ्या. शिवाय दर वर्षी रिफ्रेशर. नाही केला तर कार्ड रद्द.

बाकीचे पंच हसले. "ह्या वयात शाळेत जावं का आता?"

मामा गेला. साठी उलटलेला माणूस दोनशे पानी वही घेऊन पुण्याला गेला. लंगडणारा घोडा कसा ओळखायचा, शर्यत कधी थांबवायची, सगळं लिहून आणलं. पास झाला. आमच्या भागात कार्डवाला पंच तो एकटाच.

कमिटीनं शर्यतीच्या आदल्या दिवशी सत्कार ठेवला. शाल कोणाच्या हस्ते? ज्यांचा घोडा दर वर्षी पहिला यायचा, त्या मालकांच्या. गावातलं मोठं घर. नाव लिहीत नाही, गावाला माहीत आहे.

त्या घरच्या माणसानं माझ्या मामाच्या खांद्यावर शाल टाकली. सगळ्या गावासमोर. मामाचे डोळे भरून आले होते.

फोटो मी काढला.
पोस्टही मीच टाकली. "अभिमान वाटतो मामा" असं लिहून, मालकांनाही टॅग करून. लई हौस होती मला.

नारळ आम्ही फोडत नाही, तो शेजारच्या अप्पांना दिला. शाल मामीनं ट्रंकेत ठेवली.

दुसऱ्या दिवशी मालकांचा घोडा दुसरा आला. नायगावकडचा एक घोडा मानेभर पुढं होता.

मालक म्हणाले, "नीट बघितलं का?"
मामा म्हणाला, "हाव मालक. रेषेवर बघितलं."

आठ दिवसांत तक्रार गेली. पंचानं घोडामालकाकडून भेट घेतली, सबब निकाल रद्द करा. पुरावा म्हणून माझ्या पोस्टचा स्क्रीनशॉट.

तक्रार कोणाची? ज्यांनी शाल दिली त्यांचीच.
त्यांना काही झालं नाही. नियम पंचाला होता, मालकाला नव्हता.

चौकशीला मी सोबत गेले होते. साहेबांनी विचारलं, "तेव्हाच नको का म्हणाला नाहीत?"
मामा म्हणाला, "साहेब, खांद्यावर पडल्यावर कसं म्हणू?"

गंमत बघा. परीक्षेत भेटवस्तूचा प्रश्न होता आणि मामानं बरोबर उत्तर लिहिलं होतं. पुस्तकात रोकड होती, मोबाईल होता, दारू होती. शाल-नारळ नव्हतं. सत्काराला भेट म्हणतात हे आमच्याकडं कोणाच्या डोक्यातच येत नाही.

निकाल रद्द. मामाचं कार्ड वर्षभर बंद. परत पाहिजे तर रिफ्रेशर करा.

मी भांडायला उठले होते. मामानं हात धरून खाली बसवलं. "नियम बरोबर हाय माय. चुकलं माझंच." फोटोवरनं मात्र मला एका शब्दानं कधी बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

रिफ्रेशर ऑनलाइन होता. लातूरला माझ्या घरी, माझ्या लॅपटॉपवर. मी शेजारी बसलेली.

"पंचांनी काय टाळावं" असा धडा होता. सरांनी स्लाइड लावली.
माझाच फोटो. चेहरे झाकले होते. शाल दिसत होती.

मामा स्क्रीनजवळ वाकला. मग म्हणाला, "माय, हा मीच की."
मी लॅपटॉप बंद करायला गेले. "राहू दे," म्हणाला, "लिहून घेऊ दे."

वही आत्ता माझ्यासमोर आहे. त्यात लिहिलंय: शाल म्हणजे भेट. नारळ म्हणजे भेट. हार? विचारणे.

पास झाला. कार्ड परत मिळालं. पण कमिटीनं बोलावलंच नाही. आता रेषेवर मालकांचे साडू असतात. कार्ड नाही, कोर्स नाही, कोणी विचारतही नाही.

ह्या वर्षी मामा शर्यत बघायला गेला. कार्ड खिशात ठेवून दोरीच्या पलीकडं उभा राहिला. आजोबा उभे राहायचे तिथंच.

आणि काल त्याच मालकांच्या स्टेटसला तोच फोटो. खाली लिहिलंय, "कर्तव्यदक्ष पंच हरपले."
लाज नावाची चीज असते की नाही?

माझी पोस्ट मी डिलीट केली. लई उशिरा केली, कळतंय मला. तुम्हीही काढा.

काल दुपारी मालक स्वतः आले. हातात मोठा हार. अंगणातले लोक बाजूला झाले, त्यांना वाट करून दिली.

मामी उठली. मामाच्या पुढ्यात उभी राहिली आणि हात जोडले.

"नको मालक. घोडेवाल्याकडनं त्यांना काही घेता येत न्हाई."

ते हार घेऊन परत गेले.

जातो म्हणालाही नाहीस रे मामा.
जय भीम.