पलंगाखालच्या गोवऱ्या

शाळेतून निवृत्त झालो, पण माझा राग काही निवृत्त झाला नाही. तो आवरावा म्हणून लेकीनं मला एक मराठी पुस्तक पाठवलं, स्टोइक म्हणवणाऱ्या जुन्या ग्रीक-रोमन विचारवंतांवरचं. त्यातल्या दोन गोष्टी मी लगेच उचलल्या. जे आपल्या हातात नाही त्यावर चिडायचं नाही, आणि आज काय काय बिघडू शकतं याची रोज सकाळी मनात उजळणी करायची. पण तीस वर्षं वर्ग घेतलेल्या माणसाला मनातल्या मनात काही जमत नाही. मी ती चहाच्या वेळी मोठ्यानं करू लागलो.

"आज मोटर जळू शकते. अंगणात तुझा पाय घसरू शकतो."

"सकाळी सकाळी अभद्र काऊन बोलून राह्यले?" बायको करवादायची. "वास्तू तथास्तु म्हणते."

यंदा मार्चमध्ये तिला स्वयंपाकाचं पहिलं मोठं काम मिळालं. अमडापूरजवळच्या एका शेतात दोनशे माणसांचे रोडगे. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे, आणि शेतातले रोडगे आमच्याकडे बहुतेक पुरुषच भाजतात. "बाईले जमते काय हे?" असं पारावर एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, आणि ते तिच्या कानावर आलं होतं. हे जेवण फसलं असतं तर दुसरं काम तिला कुणी दिलं नसतं. आठवडाभर माझी उजळणी चालूच होती. पाऊस येऊ शकतो, गोवऱ्या भिजू शकतात, मदतीच्या बाया दांडी मारू शकतात. ती कानांवर हात ठेवायची.

त्या दिवशी सकाळी खरंच अवकाळी पाऊस आला. अर्धा तासच, पण शेतात रचलेल्या गोवऱ्यांचा लगदा झाला. ठरलेल्या तीन बायांपैकी एकच आली. आणि शांतपणाचे एवढे धडे गिरवलेला मी मंडपवाल्यावर तुटून पडलो, ताडपत्री का नाही आणली म्हणून. तो बिचारा निथळत उभा होता.

तेवढ्यात बायकोनं ऑटोतून पोती उतरवली. कोरड्या गोवऱ्या होत्या. चार दिवस त्या आमच्या पलंगाखाली होत्या, वर मी झोपत होतो, आणि मला पत्ता नव्हता. पिंपळगाव राजाहून तिची बहीण आणि भाची आदल्या दिवशीच आल्या होत्या. मला वाटलं, सहज आल्या.

"पाऊस काही तुमचं आयकणार नाही," ती मला म्हणाली. "त्याले सोडा, हात धुवा अन् कणीक मळा."

मी मुकाट्यानं मळली. ती पदर खोचून विस्तवापुढे बसली आणि दोनशे माणसांचे रोडगे तिनं एकही न करपवता काढले. पारावरच्या त्या म्हाताऱ्यानं पंगतीत तिसरा रोडगा मागून घेतला. मी तूप वाढत होतो आणि कुणी विचारो न विचारो, प्रत्येकाला सांगत होतो, माझ्या बायकोनं केलं हे. इतका अभिमान मला माझ्या वर्गाच्या कुठल्याच निकालाचा वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चहाला मी उजळणी केलीच नाही. पुस्तक मिटलेलंच होतं. काल मंडपवाल्यावर ओरडल्याची लाज वाटत होती.

"काऊन, आज अभद्र नाही काय?" आतून ती म्हणाली. "चिखलीचं काम आलं हाये. बोला न, काय काय बिघडते थे. अन् जरा मोठ्यानं बोला, गॅसपाशी मले आयकू येत नाही."