विहिरीच्या अटीवर लावलेलं लग्न

मंडळी, आज वर्ध्यात रद्दीच्या दुकानात एक जुनी कादंबरी सापडली. गावाकडच्या गोड प्रेमाची! ऐंशीच्या दशकात तळेगावात माझी मामी हीच कादंबरी दुपारी डाळ निवडणाऱ्या बायांना मोठ्यानं वाचून दाखवायची.

मामीच्या पुस्तकाचं शेवटचं पानच फाटलेलं होतं. मग बायांनीच नायिकेच्या माहेरच्या होऊन, भांडून शेवट ठरवला. "दारात विहीर नसन तं नाई देत आमची पोरगी!" शेवटी नायकाने विहीर खोदली आणि लग्न झालं.

मी तिथूनच मामीला फोन लावला. "मामी, खरा शेवट मिळाला. वाचू का?"

"नोको वाचू. आमी लगन लावून देल्लं तिचं. आता काऊन मोडून राह्यली?"

मी पुस्तक मिटलं. तुम्ही वाचलं असतं का?