मामाचा चार आण्यांचा हात

माझा मामा जव्हार संस्थानातला सगळ्यात संथ माणूस होता, फक्त हातात विळा आला की तो सगळ्यात जलद होई. एकाच माणसात हे दोन्ही कसं मावत होतं, ते मला अजून नीट सांगता येणार नाही. त्याला जामसरमध्ये काही विचारलं तर उत्तर जव्हारचा चढ संपताना मिळे. एका लग्नात त्याला कोणी विचारलं, "जेवलास का?" मामाने विचार केला, आणि तो "नाय अजून" म्हणाला तेव्हा पत्रावळी उचलल्या जात होत्या. मला कॉलेजसाठी मोटारीवर सोडायला आला तेव्हा तर आम्ही पोचेपर्यंत मोटार निघून गेली होती. मी रागावलो. तो धुळीकडे पाहत म्हणाला, "भाच्या, उद्याबी जाते ती."

दिवाळीनंतर आमच्याकडे डोंगरावरचं गवत कापलं जाई. ते मुंबईच्या तबेल्यांना जायचं. ठेकेदार सकाळी माणसाकडे बघून दिवसाची मजुरी ठरवी: कोणाला तीन आणे, तर तापानंतर मनगट अधू झालेल्या माझ्या आईला दोन. माझं जव्हारच्या शाळेतलं खाणं त्या दोन आण्यांवर चाले. एका वर्षी मजुरीचं ठरवायला सगळा पाडा बैठकीला बसला. बैठकीच्या सुरुवातीला मामाला मत विचारलं होतं, ते शेवटी आलं. "चार आण्यांच्या खाली कोणी जायचं नाय. बायांनीबी नाय." सगळ्यांनी मानलं. गवत वाळत चाललं होतं, म्हणून तिसऱ्या दिवशी ठेकेदारानेही मानलं.

मग तो संध्याकाळी प्रत्येकाच्या पेंढ्या मोजू लागला. कमी भरल्या म्हणून पहिली घरी पाठवली ती आई. "चार आणे द्यायचे तर माणूसबी चार आण्यांचं पायजे," तो म्हणाला.

आई मामाला एवढंच बोलली, "दादा, तुझ्या चार आण्यांत माझे दोन गेले."

दुसऱ्या दिवशी एरवी चाळीस पेंढ्या बांधणाऱ्या मामाच्या बारा भरल्या. आईच्याही बाराच होत असत. त्याच्या पुढे जायला कोणी धजेना, त्यामुळे सगळी ओळ बारावर आली.

"काय रे, हात गळाले का?" ठेकेदाराने विचारलं.

"चार आण्यांचं हात हायत, शेट. जपून वापरतो."

ठेकेदाराने सूर्यमाळेहून माणसं आणली. पहिल्या दिवशी त्यांनी भराभर कापलं. दुपारी मामा त्यांच्यात भाकरी खायला बसला. काय बोलला कोण जाणे, दुसऱ्या दिवशी तीही बारावर आली. डोंगर तर मोकळा करायचाच होता. पेंढ्या कमी पडू लागल्या तसे हात जास्त लागू लागले, आणि सहाव्या दिवशी आईला बोलावणं आलं. पूर्ण चार आण्यांवर.

परवा नाशिकला आमचे प्रोफेसर शिकवत होते की मजुरीचा दर वर बांधला की माणसं कमी लागतात. ते खोटं नाही, आई घरी बसली होती. मी हात वर केला आणि पुन्हा खाली घेतला. मामाबद्दल कुठून सुरुवात करावी ते सुचेना.

त्या हंगामानंतर एकदा मी त्याला घरामागच्या उतारावर एकट्याने कापताना पाहिलं. विळा दिसत नव्हता, नुसतं गवत आडवं होत होतं. एवढ्यात खालून आई भाकरी घेऊन वर येताना दिसली, आणि मामाचा हात हळू झाला. तिच्या हाताइतका.