चार दिवसांचे दोरे

रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी वकिलीकडे वळले, तेव्हा मोजमापावर माझा जितका विश्वास होता तितका माणसांवर नव्हता. सत्तरच्या दशकात नागपुरात डॉक्टरविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा लावायला सहसा कोणी धजत नसे. मी धजले. त्यामागे करुणेपेक्षा महत्त्वाकांक्षा अधिक होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

माझा पक्षकार महाल भागाजवळच्या गल्लीतला विणकर होता. त्याच्या आठ वर्षांच्या मुलीचा उजवा हात पडून मोडला आणि एका खासगी दवाखान्यात प्लास्टर घातले गेले. बोटे सुजली, मग काळवंडली. बाप रोज तिला घेऊन जाई. 'सूज ओसरेल' एवढेच उत्तर मिळे. चौथ्या दिवशी दुसऱ्या रुग्णालयाने प्लास्टर कापले, तेव्हा उशीर झाला होता. मनगटापासून हात काढावा लागला.

घट्ट प्लास्टरने रक्त अडले, हे मला उघड दिसत होते. पण शहरातला एकही डॉक्टर तसे न्यायालयात सांगायला तयार होईना. तेव्हा बापाने एक पुडी माझ्यासमोर उलगडली. आत सुताचे चार तुकडे होते. रोज सकाळी मुलीच्या मधल्या बोटाभोवती दोरा फिरवून त्याने घेर मोजला होता. प्रत्येक तुकडा आदल्या दिवसापेक्षा लांब.

"आमच्यात सारं दोऱ्यानंच मोजतात जी," तो म्हणाला.

मला आनंद झाला. तो आनंद आज सर्वांत जास्त बोचतो. मी तुकडे पट्टीने मोजले, आलेख काढला आणि दोरे पुराव्यात दाखल केले.

उलटतपासणीत प्रतिपक्षाचे वयस्कर वकील विणकराला म्हणाले, "कसं मोजलं, स्वतःच्या बोटावर करून दाखवा."

मी हरकत घेतली नाही. त्याने दोरा फिरवला आणि ताणला. आयुष्यभर मागावर बसलेल्या हातांना सैल दोरा धरता येत नव्हता. बोटाचे टोक आधी लाल, मग जांभळे झाले.

"एवढं घट्ट?"

"ढिल्ल्या दोऱ्याचं माप खरं नसते, साहेब."

वकील माझ्याकडे वळले. "बाई, आलेख सुरेख आहे. आता फास कोणी आवळला, तेही त्यात दाखवा."

क्षणभराच्या दोऱ्याने बोट मरत नाही, त्यासाठी कित्येक तास रक्त अडावे लागते, हे मी परोपरीने मांडले. ते सांगणारा डॉक्टर मात्र माझ्याकडे नव्हता. कारण निश्चित सिद्ध होत नाही, म्हणून दावा फेटाळला गेला. कचेरीत मी ते दोरे तीनदा मोजले होते. कसे मोजले, हे त्याला एकदाही करून दाखवायला सांगितले नव्हते.

व्हरांड्यात त्याने विचारले, "बाई, खरं सांगा. माह्या दोऱ्यानं तं नाही गेला हात?"

"नाही. शास्त्राने ते शक्यच नाही."

"मंग जजसाहेबाले काहून नाही समजलं?"

मी अपिलाचा मसुदा घेऊन त्याच्या घरी गेले. मुलगी आत डाव्या हाताने पाटीवर अक्षरे गिरवत होती. त्याने दार ओढून घेतले आणि हळू आवाजात म्हणाला, "अपील नको, बाई. पोरगी मोठी होऊन राहिली. आज ती म्हणते, डॉक्टरनं केलं. वरच्या कोर्टातही हरलो, तं म्हणन, बाबानं केलं."

माझ्याकडे आलेख होता, युक्तिवाद होता, मुदतही शिल्लक होती. मी आग्रह केला नाही.