साडूच्या वाटचा बेलभंडार

कोंबडीच्या लहान पिल्लाला तेल पचत नाही, हे मला शाळेत कोणी शिकवलं नाही. शाळा माझी चौथीतच सुटली. ते मला एका जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं, आमच्या सोसायटीच्या पहिल्या बैठकीत, आणि मी ते एकदा ऐकून कायमचं ध्यानात ठेवलं. माझं डोकं तसं चांगलं आहे. हे मलाच सांगावं लागतं, कारण आता दुसरं कोणी सांगत नाही.

डॉक्टर म्हणाले होते, पिल्लू अंड्यातून निघालं की पहिले पंधरा-वीस दिवस त्याच्या पोटात पित्त कमी पडतं. पित्ताशिवाय तेल आणि पाणी एकजीव होत नाही. खाद्यात तेल तर घालावंच लागतं, वजन त्यानं चढतं. पण पिल्लाच्या पोटात ते नुसतं तरंगतं आणि आलं तसं मागून निघून जातं. म्हणून खाद्यात एक पावडर मिसळायची. ती तेलाचे बारीक बारीक थेंब करते, मग आतड्याला ते ओढून घेता येतात. तिचं नाव इमल्सिफायर. बैठकीत एकालाही ते नाव धड म्हणता आलं नाही. मग मी उठलो आणि लोकांना आमच्या भाषेत सांगितलं, "तेलकट हात नुसत्या पाण्यानं धुवून बघा, निघतंय का? राख लावली की निघतंय. ही पावडर म्हंजी पोटातली राख समजा." डॉक्टर हसले. म्हणाले, काका, मला असं सांगता आलं नसतं. त्या दिवसापासून आमच्या वस्तीवर त्या पावडरला राखच म्हणायला लागले.

सोसायटी माझ्या साडूनं काढलेली, चेअरमनही तोच. माझी बायको आणि तिची थोरली बहीण, दोघींची लग्नं एकाच मांडवात झाली, म्हणजे मी आणि साडू एकाच दिवशी नवरदेव झालो. पुढं तो पुढारी झाला आणि मी शेतात राहिलो, पण आमच्यात कधी वाकडं आलं नाही. सोसायटीचं काम सोपं होतं. मका, सोयाबीनची पेंड, तेल आणि औषधं एकत्र करून खाद्य बनवायचं, ते आणि एक दिवसाची पिल्लं सभासदांच्या शेडवर पोचवायची, आणि चाळीसेक दिवसांनी तयार कोंबड्या उचलून न्यायच्या.

आमच्या वस्तीवरची निम्मी घरं दसरा झाला की ऊस तोडायला जायची. नवरा-बायकोच्या जोडीलाच आमच्याकडं एक कोयता म्हणतात. असे अकरा कोयते मी थांबवले. घरोघर गेलो, ओट्यावर बसलो, चहा घेतला आणि सांगितलं, पिल्लं पाळा, पोरांची शाळा बुडवू नका, साखर कारखान्याच्या फडात पाचटावर निजू नका. लोक साडूला ओळखत होते, पण त्यांनी शेडं बांधली ती माझ्या शब्दावर. शेजारचा गडी तर म्हणाला होता, "तात्या, चेअरमनचं आमाला ठाव न्हाई. तुमी म्हणताव ना? मग झालं."

पहिलं वर्ष चांगलं गेलं. दुसऱ्या वर्षी पाऊसच झाला नाही. आषाढात पेरलेलं पोळ्यापर्यंत करपलं, गुरं छावणीत गेली, वस्तीवर टँकर सुरू झाला. मका मिळेनासा झाला. साडू म्हणाला, मका कमी करू आणि तेल वाढवू, अंगात ताकद सारखीच जाते. हिशोब मला पटला. डॉक्टरांचं येणं पावसाळ्यातच थांबलं होतं. ते का थांबलं, हे मी विचारलं नाही.

पोळ्यानंतर आलेली पिल्लं पहिल्या आठवड्यापासूनच वजनात मार खायला लागली. खायची भरपूर, पण अंगाला लागेना. शेडात अंथरलेलं भाताचं तूस चिकट झालं, पिल्लांच्या पायाला त्याचे गोळे लागायला लागले. काही पिल्लं पायावर बसली ती उठलीच नाहीत. माझ्या बायकोनं एक दिवस त्यांची विष्ठा उचलली, दोन बोटांत चोळली आणि जुन्या कॅलेंडरच्या पानावर दाबून माझ्यापुढं धरली. कागदावर तेलाचा डाग पसरला होता, भज्याच्या पुडीला पडतो तसा.

"अवं, हे बगा. खाल्लेलं तेल जसंच्या तसं पडाय लागलंय. खाद्यात राख न्हाई."

"टँकरचं पाणी हाय ते. मचूळ पाणी पिऊन असं हुतंय."

"पाण्यानं कागदाला तेल लागतंय व्हय?"

"तू चौथी शिकलीस का मी?" मी म्हणालो.

ती कागद घेऊन आत गेली. पुढं तिनं त्या विषयावर माझ्याशी वाद घातला नाही. मी मात्र सगळ्या वस्तीला सांगत सुटलो की दोष पाण्याचा आहे. पाण्यात तुरटी फिरवा, गाळून द्या, उकळून द्या. शेजारचा गडी चेष्टेनं म्हणायचा, "तात्या, तेच पाणी आमी बी पितो. आमचं प्वाट कावून बिघडंना?" लोक हसायचे आणि मीही हसायचो.

कोंबड्या उचलायला गाडी आली तेव्हा ड्रायव्हरनं दोन हातात धरून बघितल्या आणि मान हलवली. दसरा तोंडावर आला होता. टोळ्यांचे मुकादम वस्तीवर चकरा मारत होते. अकरा घरांत कुजबुज सुरू झाली. खाद्यातून काहीतरी काढलंय, आता पिल्लं नकोत, कोयता घेतलेला बरा. मी साडूला निरोप धाडला. त्यानं उलटा निरोप दिला की खंडोबाच्या देवळात बैठक घ्या, मी येतो आणि बेलभंडार उचलून सांगतो.

बेलाच्या पानावर खंडोबाची हळद घेऊन जो बोलतो त्याचं बोलणं आमच्याकडं कोणी परत तपासत नाही. खोटा भंडारा उचलला तर तो घरादाराला भोवतो, असं आमच्यात धरतात. कोर्टात खोटं बोलणारी माणसं मी बघितली आहेत. भंडारा हातात घेऊन खोटं बोललेलं मी बघितलं नव्हतं.

बैठकीच्या सकाळी साडूचा माणूस आला आणि म्हणाला, चेअरमनला बीडला कलेक्टर कचेरीत बोलावणं आलंय, त्यांच्या वाटचा भंडारा तुम्ही उचला, तुमच्यात आणि त्यांच्यात काय वेगळं आहे. मला ते ऐकून बरंच वाटलं, खरं सांगतो. बायको चुलीपुढं बसली होती. ती म्हणाली, "दाजींचा भंडारा दाजींना उचलू द्या. एक दिवस उशीर हुईल."

मी टोपी घातली आणि देवळात गेलो. गावासमोर बेलाच्या पानावर भंडारा घेतला आणि बोललो, मका कमी केला आणि तेल वाढवलं एवढंच, बाकी खाद्य पहिल्यासारखंच आहे, त्यातलं काही काढलेलं नाही, हे माझं आणि साडूचं दोघांचं वचन. शेजारच्या गड्यानं सगळ्यांच्या आधी कपाळाला भंडारा लावला. दसरा झाला. ट्रॅक्टर आले आणि पलीकडच्या वस्तीवरून माणसं भरून गेले. आमची अकरा घरं दारात उभी राहून बघत होती.

नवी पिल्लं आली आणि आठ दिवसांत पुन्हा तेच. त्यात सोसायटीचा टेम्पो बंद पडला, म्हणून खाद्य आणायला मीच एकाची बैलगाडी घेऊन गेलो. खाद्याच्या गोदामात मिसळणीचं यंत्र चालू होतं. ते चालवणारा माणूस पाटीनं मक्याचा भरडा टाकत होता, पेंड टाकत होता, डब्यानं तेल ओतत होता. मी उभा राहून सगळं बघितलं. तो यंत्राचं झाकण लावायला लागला.

"आन् पावडर?" मी म्हणालो.

"कंची?"

"तेल पचायची."

"ती व्हय. ती पोळ्यापासून न्हाई, तात्या. तुमाला न्हाई का ठाव? चेअरमनच म्हणले, बंद करा." मग त्यानं माझं तोंड बघितलं आणि उगीच यंत्राचा पट्टा चाचपायला लागला.

गाडी तिथंच सोडून मी साडूच्या घरी गेलो. तो ओट्यावर पेपर वाचत होता. मेव्हणीनं चहा आणून ठेवला. तो मी शेवटपर्यंत प्यालो नाही.

"राख कुठं हाय?" मी विचारलं.

तो हसला. "तुझी राख! आरं, तेल आणावं का ती आणावी? दुष्काळ हाय. एवढं एक वर्ष कसंबसं काढू म्हणलं."

"मग लोकांना सांगायचं."

"सांगून एक तरी घर थांबलं असतं का बे? शेडं रिकामी पडली असती, सोसायटीला कुलूप लागलं असतं. मी काय माझ्या घरी नेलं का काही?"

"मग भंडारा तू का न्हाई उचलला?"

त्यानं पेपरची घडी घातली. ती नीट बसली नाही, म्हणून परत घातली.

"मला नातवंडं हायेत," तो म्हणाला.

मला पाच आहेत. तो त्यांच्या बारशाला आला होता. बैठकीच्या दिवशी कलेक्टर कचेरीत त्याचं काही काम नव्हतं, हे मला तिथं कळलं. त्याला खंडोबाची भीती होती. माझ्या घराची नव्हती.

"आता गप ऱ्हा," तो जवळ सरकून म्हणाला. "पुढच्या पिल्लांपासून पावडर टाकतो. लोक पाण्याला शिव्या देतेत, देऊ दे. तुझा शब्द बी ऱ्हाईल. उचललास तूच, मी न्हाई. फुकट आपल्या हातानं तोंड काळं करून घेशील."

मी उठून आलो. पुढचं लिहायला मला जड जातं, पण लिहितो. दोन दिवस मी गप्प बसलो. बायकोनं विचारलं, दाजी काय म्हणाले. मी म्हणालो, बघतो म्हणाला. मला माझा शब्द वाचवायचा होता, आणि साडूनं सांगितलेला रस्ता मला दिसत होता.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या गड्याची बायको डोक्यावर दोन घागरी घेऊन शेडाकडं चालली होती. मी विचारलं, एवढं निवळशंख पाणी कुठून आणलं. ती म्हणाली, "लांबच्या मळ्यातल्या हिरीचं हाय, तात्या. तुमी म्हणला ना टँकरचं पिल्लांना बाधतंय? म्हणून हे त्यांना घालतो. टँकरचं आमी पितो. सगळीच तसं करतेत आता."

तिचा धाकटा त्या आठवड्यात जुलाबानं आडवा होता.

त्याच संध्याकाळी मी अकरा घरांना देवळात बोलावलं. बायको न बोलावता आली आणि खांबापाशी बसली. मी सगळं सांगितलं. पाण्यात दोष नव्हता, पावडर पोळ्यापासून बंद आहे, मी उचललेला भंडारा खोटा ठरला. साडूनं काय केलं तेही सांगितलं. मला वाटलं होतं लोक ओरडतील. ओरडले असते तर मला बोलता तरी आलं असतं.

शेजारचा गडी म्हणाला, "तुमाला ठाव नव्हतं, तर उचलला कावून?"

"साडूवर इश्वास हुता."

त्याची बायको मागून म्हणाली, "तुमचा साडूवर हुता. आमचा तुमच्यावर हुता."

कोणी तिला गप्प केलं नाही. मग एकानं विचारलं, "आता काय करायचं, तात्या? टोळ्या तर गेल्या. ही पिल्लं ठेवायची का सोडायची?"

उभ्या जन्मात मला कोणी काही विचारलं आणि मी उत्तर दिलं नाही असं झालं नव्हतं. पाऊस कधी येईल तेसुद्धा मी सांगायचो.

"मला न्हाई माहीत," मी म्हणालो.

पिल्लं त्यांनी कशीबशी वाढवली आणि मिळेल तिथं विकली. सोसायटीचं खाद्य त्यानंतर वस्तीवर आलं नाही. साडूनं दुसऱ्या गावात नवे सभासद धरले. बायको बहिणीकडं जाऊन येते, मी तिला अडवत नाही, पण त्या ओट्यावर मी पुन्हा चढलो नाही.

चार घरांना उशिरा एका टोळीत जागा मिळाली. त्यात शेजारचा गडी होता. पोरांना शाळेतून काढून ते एसटीनं निघाले, तेव्हा मी स्टँडवर गेलो, बायकोही आली. त्यानं मला रामराम घातला. पूर्वी दरसाल ते जायचे तेव्हा घराची किल्ली माझ्याकडं देऊन जायचे. गाडी लागली, तशी त्याच्या बायकोनं कमरेची किल्ली सोडली. मी हात पुढं केला. ती माझ्यासमोरून गेली आणि पलीकडं उभ्या असलेल्या माझ्या बायकोच्या हातात तिनं ती दिली.